सहा स्टूल

—दुपारचे चार वाजून दहा मिनिटं, मंगळवार, आखाजीच्या, तुमच्या अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा, हाच पहिला मजला, हेच साडीचं काउंटर. तुम्ही उभ्या आहात ना ताई, तिथेच ती पडली. वही आधी आत ठेवा. वर कॅमेरा आहे. मी साड्या उलगडत राहते, तुम्ही पदर बघत राहा — पेपरवाल्या वाटू नका, लग्नघरच्या वाटा.

तर रुपा. तळोद्याकडून रोज बसने यायची, आठवा महिना लागलेला. सकाळी दहा ते रात्री नऊ उभंच राहायचं — का म्हणून काय विचारता? गिऱ्हाईक जिना चढून आलं की मुलगी बसलेली दिसता कामा नये, दुकानाचा रिवाज. मी एकोणीस वर्षं पाळला. पण स्टुलांचं सांगायचं तर सिनेमापासून सांगावं लागेल. थंडीत मुंबईहून शूटिंगवाले आले. सत्तर वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुकानात कामाला असलेल्या बायकांचा सिनेमा — आमची सागवानी काउंटरं बघून अख्ख्या नंदुरबारात त्यांनी हेच दुकान धरलं. गोष्ट काय, तर त्या बायका बसायला स्टूल मिळावेत म्हणून मालकाशी भांडतात आणि शेवटी जिंकतात. मला हसूच आलं. सत्तर वर्षांपूर्वी जिंकल्या म्हणे. शेवटच्या देखाव्याला आमच्याच सहा पोरी घेतल्या, अंबाडे घातले, नव्या स्टुलांवर बसवलं आणि सांगितलं, हसा, तुम्ही जिंकलात. रुपा डावीकडून तिसरी. खाली जिन्यापाशी फोटो लावलाय, येताना बघितला असेल.

शूटिंगवाले गेले, स्टूल इथेच सोडून गेले. पोरी चार दिवस बसल्या — गिऱ्हाईक आलं की उठायच्या, गेलं की टेकायच्या. काय बिघडलं? काहीच नाही बिघडलं. पाचव्या दिवशी हेमकांतभाऊ, शेठजींचा मुलगा, वर आले, एका स्टुलाकडे बघितलं आणि गेले. मालकानं स्टूल काढले असं नका लिहू. ते एक शब्द बोलले नाहीत. मीच दोन-दोन करून माळ्यावर नेऊन ठेवले. नोकरीची भीती? होती की. पण खरं विचाराल तर — ही जांभळी बघा, काठ बघा — खरं विचाराल तर त्या चार दिवसांत मला पोरींचा राग यायचा. माझ्या दोन्ही पोटऱ्यांना शिरांच्या गाठी आहेत, रात्री भिंतीला पाय लावून झोपते मी, माझ्यासाठी कोण भांडलं?

हे लिहू नका.

त्या मंगळवारी साडेतीनला रुपा मला म्हणाली, "कमलमावशी, मन्हा पाय सुजी गयात, घडीभर बसू दे ना." चपला पायात जाईनात म्हणून काढून काउंटरखाली ठेवलेल्या, अनवाणीच उभी. मी म्हटलं, एवढं गिऱ्हाईक होऊ दे. त्या गिऱ्हाइकानं चाळीस साड्या काढायला लावल्या. एकेचाळिसावी काढताना रुपा पडली, पोटावरच पडली. आणि ती बाई म्हणते, अहो, ती साडी उचला आधी, पाय पडेल कुणाचा. मी उचलली हो. आधी साडी उचलली. हाताची सवय, दुसरं काय. रुपा वाचली, बाळ गेलं. मुलगी होती. तिचा नवरा भिला आठ दिवसांनी चपला न्यायला आला, मी कागदात गुंडाळून दिल्या, तो बरं म्हणाला आणि उतरून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशी? झाली ना. कामगार खात्याचे एक साहेब आले, खाली चहा घेतला, तिथे तो फोटो दिसला — सहा जणी बसलेल्या, हसतायत. विचारलं, मुली इथल्याच का? भाऊ म्हणाले, इथल्याच. खोटं नाही बोलले. साहेबांनी मोबाइलमध्ये फोटोचा फोटो काढला आणि कागदावर लिहिलं, बसण्याची सोय आहे. मग साक्षीला जुनी बाई हवी म्हणून मला खाली बोलावलं. सही? केली. मराठी वाचता येतं मला, ताई, वाचून केली.

हळू — भाऊ वर येतायत. नाही हो, या रंगात दुसरी नाही. जा आता, आणि ही जांभळी घेऊन जा. रिकाम्या हाताने उतरलात तर मला विचारतील, एवढा वेळ काय दाखवत होतीस. स्टूल? माळ्यावर आहेत, सहाच्या सहा. इथून माळ्यापर्यंत सतरा पायऱ्या आहेत, खालून इथवर एकवीस. साहेब एकही चढले नाहीत.