ट्यूबलाइटसमोरच्या बाटल्या

पावर हाउस चौकात जामुलला जाणाऱ्या ऑटोच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"सिंधुकाकू, तुमची चाळीस वर्षं जुनी बियर फॅक्टरी तर बंद झाली न? मग डबा घेऊन कुठं चालल्या?"

"शरबतच्या नव्या कंपनीत, नीतू."

"सच्ची? या वयात घेतलं तुमाले?"

"पहिले नाहीच म्हणे. साहेब म्हणे, आमच्या इथं मशीन बाटल्या तपासते. मी म्हटलं, तुमच्या मशीननं पास केलेलं एक क्रेट आणा अन् ट्यूबलाइट लावा."

"मग?"

"बियर फॅक्टरीत तेवीस वर्षं लाइटसमोर बाटल्याच फिरवल्या मी. चोवीसातल्या तीन बाजूला काढल्या. दोन बाटल्यांच्या गळ्याले तडा होता, अन् एकीत काचेची कणी."

"साहेब काय म्हणे?"

"चष्मा पुसत बसला. मंग म्हणे, उद्यापासून या."

"तुमी लगेच हो म्हटलं असन!"

"कावून? म्हटलं, एकटी नाही येत. आमच्या लाइनीवरच्या अकरा जणी घरी बसून राहिल्या."

"बापरे! मग?"

"ऑटो आला पाहाय."

"बसा न काकू, पहिले तुमी."

"तू जाय पुढं. एका ऑटोत आमी बारा जणी कुठं मावतो!"