विमानातल्या वाळूचे वाटे

नाही हो सर, विमान-बिमान काही नाही बघितलं आम्ही. तुम्ही बसा ना, खुर्ची सावलीत घ्या—तिकडे नको, बोंबील सुकतायत, कपड्यांना वास लागेल. आम्हाला काय कळणार विमानातलं? ते दोन पंख्यांचं करडं म्हणताय ना, मागून दार खाली उघडतं ते? हो, गेलं—म्हणजे, असतं म्हणे तसं. वाचलंय मी. जुनी मालवाहू विमानं थकली म्हणून ही आणली, पहिली बाहेरून तयार आली, आता आपल्याकडेच जुळणी होते, नऊ टन माल घेतं, सत्तर-एक जवान बसतात, कच्च्या पट्टीवरपण उतरतं, आणि पट्टीच नसली तर छत्र्या लावून सामान वरूनच सोडतं—एवढं कशाला वाचलं? बीएस्सी झालंय माझं, सर, वाचायची सवय आहे... बाई गं! काय वाजलं? जीपचं दार होय. सॉरी. दचकते मी. त्यात अख्ख्या आळीने मलाच पुढे ढकललं—भाविनी शिकलेली आहे, हवाई दलाच्या साहेबाशी ती बोलेल.

आणि तुमचं पडलेलं आम्ही काही मुद्दाम नाही घेतलं. जाळ्यात आलं. म्हणजे, आलं असतं तर. बरं, आलं! छत्री वाऱ्याने वाहवली असेल, त्यात ना तुमचा दोष ना आमचा. आता जाळ्यात आलं की वाटे पडतात, सर, रिवाजच आहे—एक वाटा बोटीचा, एक जाळ्याचा, बाकीचे बोटीवरच्या माणसांचे. पोतं होतं, पट्ट्यांनी आवळलेलं, काय जड! बोटीवरचा जिग्नेशभाई म्हणाला बंदुका असतील, धर्मेशभाई म्हणाला बदाम. निघालं काय? वाळू! आम्ही किनाऱ्यावर राहतो सर, दारातून पाय बाहेर टाकला की वाळू, ताटात वाळू, अंथरुणात वाळू—पण वाटा तो वाटा. जाळं बायजीकाकींचं, त्या घमेलं घेऊन हजर, माझं शीग लावून भरा म्हणे, सरकारी वाळू आहे. त्यावरून ही भांडणं! धर्मेशभाईने आपली तुळशीत घातली. जिग्नेशभाईने पिंपात झाकून ठेवलीय, भाव येईल म्हणतो. छत्रीचं कापड? ते... मासळीवर झाकायला घेतलं. थोडं. हा ड्रेस? हा वापीचा आहे. मिळतं हो वापीला असं कापड. दोऱ्या शिवलेलंपण मिळतं.

पप्पा? बोट त्यांचीच, पण ते घरात नाहीत. हां, ते खोकतायत ते पप्पाच. सर, खरं सांगा, नेणार का तुम्ही त्यांना? जीप दिसल्यापासून त्या रिकाम्या पोत्यावर बसलेत, उठतच नाहीत, चहापण तिथेच—काय? वाळू नकोय तुम्हाला? मालाऐवजी वाळू भरून चाचणी होती? मग आलात कशाला? अच्छा... पोतं आपटून फुटलं की अखंड राहिलं, एवढंच हवंय? फुटलं असेल तर चाचणी नापास. आणि खाली आल्यावर कुणी कापलं असेल तर पास. पण मग कापलं कुणी, हे विचारणारच ना तुम्ही? थांबा, पाणी पिते. म्हणजे मी पप्पांना वाचवलं की देशाचं विमान नापास? फुटलं होतं, सर. आपटूनच. आईशपथ, चिंध्या झालेल्या, जाळ्यात आलं तेच फाटकं—

पप्पा! आत बसा तुम्ही! सर, ऐकू नका त्यांचं. नारू तांडेलाच्या बोटीवर फाटकी वस्तू आली असं कुणी म्हटलेलं खपतच नाही त्यांना. अख्खं होतं, सुरी मी लावली म्हणतायत—कळलं हो पप्पा, आशागडपर्यंत कळलं! ती सुरी खाली ठेवा आधी! मारत नाहीत सर, काप दाखवतायत, सरळ आहे बघा म्हणतायत, फाटलेलं असं सरळ असतं काय म्हणतायत... तुम्ही हसताय? सोबत नेणार म्हणजे? वरच्या साहेबांना हेच सांगायला? आणि संध्याकाळी आणून सोडणार, नक्की? आई, पप्पांचा इस्त्रीचा शर्ट काढ गं—घातला पण त्यांनी.

बरं, न्या. पण पुढच्या सीटवर बसवा हां सर. मागे बसवलंत तर आळी म्हणेल पकडून नेलं. पप्पा, काच खाली करा, कोपर बाहेर ठेवा. असं. आणि हसा जरा. निघा आता. निघा ना हो!