सुनीतीबाईंची लिली आणि माझा बांध

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक सर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सुनीतीबाई, पेणहून खास आलेले त्यांचे थोरले बंधू महादेवराव, सर्व गुरुजन, गावकरी मंडळी, मायबहिणी आणि खिडकीत चढून बसलेल्या बाळगोपाळांनो... आधी खाली उतरा. त्या खिडकीचा गज सैल हाय.

हे सगळं मला पाठ आहे. चोवीस वर्षं मी या शाळेत शिपाई. प्रत्येक समारंभात माइकची वायर मी जोडली, हार मी आणले, आणि वक्ते "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणाले की चहाचं पातेलं मी खाली उतरवून ठेवलं, कारण अर्धा तास कुठे जात नाय. आज मात्र बाई हटून बसल्या. केरू बोलणार नसेल तर मी हार घालून घेणार नाही म्हणाल्या. बाई, तुम्ही आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात.

बाईंच्या विद्वत्तेवर सर बोलले, शिस्तीवर अध्यक्षसाहेब बोलले. मी त्यांच्या पिशवीवर बोलतो. दरवर्षी मे महिन्यात शाळेची शाकारणी झाली की फुटक्या कौलांचा ढीग निघतो. त्यातले बरे तुकडे बाई निवडून पिशवीत भरायच्या आणि संध्याकाळच्या एस.टी.ने पेणला, भावाच्या घरी न्यायच्या. कंडक्टर विचारायचा, "बाई, पेणात दगड मिळत नायत काय?" बाई म्हणायच्या, "प्रयोग आहे." विज्ञानाच्या बाई म्हटल्यावर कोण काय बोलणार? मला वाटायचं, इतक्या हुशार बाई, असेल एखादा स्क्रू ढिला. आता कळतंय, ढिला माझाच होता.

बाई आल्या चौऱ्याहत्तर साली. त्याआधीच्या तीन वर्षांत गणित-विज्ञानाचे चार शिक्षक आले नि गेले. एक तर दुपारच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाय. माझी मैना तेव्हा पाचवीत. गणिताचं पुस्तक उघडलं की पोरगी रडायला लागायची. आणि पहिल्याच आठवड्यात बाई चहा पिताना सगळ्यांना म्हणाल्या, "माझा भाऊ पेणच्या शाळेत बदली घे म्हणून मागे लागलाय. मी त्याला सांगितलंय, आईची लिली या शाळेच्या वाफ्यात फुलली की दुसऱ्या दिवशी अर्ज देते." सगळे हसले. मी पण हसलो.

ही लिली म्हणजे तांबडी, भोंग्यासारख्या फुलांची. बाईंची आई त्याच वर्षी वारली होती. रोह्याच्या तिच्या अंगणातले बारा गड्डे बाईंनी आणून ऑफिससमोर लावले आणि मला म्हणाल्या, "केरू, सांभाळ."

मी सांभाळलं. आता मी भाताचा माणूस. पाणी वाहून जाताना दिसलं की जीव कासावीस होतो. मी वाफ्याला चारी बाजूंनी बांध घातला. असा घातला की थेंब बाहेर जायचा नाय. आठ दिवस पाऊस लागला. नवव्या दिवशी बाईंनी एकेक गड्डा उपटला, तर बोट लावलं की आत जात होतं. सात कुजले, पाच वाचले. बाई ओरडल्या नाहीत. पदराने ते पाच पुसत म्हणाल्या, "केरू, हे भात नाही रे. याला ओल हवी, डबकं नको. वाफा उंच करायचा, तळाला कौलांच्या खापऱ्या, वर वाळूमिश्रित माती, पाणी क्षणभर थांबता कामा नये." मग हळूच म्हणाल्या, "आईच्या हातचे होते." मंडळी, तेव्हा मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

वाचलेले पाच गड्डे बाईंनी पेणला नेले आणि पुढच्या जूनला त्यांना फुटलेलं एकच बारकं पिल्लू आणून त्याच वाफ्यात लावलं. आता मला सगळं समजलं होतं. वाफा उंच करायचा, खापऱ्या घालायच्या. पण तोवर मैनाला गणितात साठ मार्क पडले होते. पोरगी चुलीच्या राखेत त्रिकोण काढत होती. मी घरी हौसाला लिलीचं सांगितलं. हौसा म्हणाली, "अवो, ती फुलली तर बाई जातील नाय?"

"व्हय."

"मग तुमचा बांध काय वाईट व्हता?"

अध्यक्षसाहेब, माझी दोन वर्षं नोकरी उरली आहे. काढायचं असेल तर आत्ताच काढा, पण ऐकून घ्या. पहिल्या वर्षी अडाणीपणा होता. पुढची अठरा वर्षं निव्वळ लबाडी. दर जूनला बाई एक पिल्लू लावायच्या आणि संध्याकाळी त्यांची एस.टी. वडखळच्या दिशेने गेली की मी बांध लिंपायचो. बाई विचारायच्या, "पुन्हा पाणी साचलं का रे?" मी म्हणायचो, "यंदा पाऊस फार, बाई." एका वर्षी तर पावसाने पाठ फिरवली. शेतात भात पिवळं पडलेलं आणि ऑफिससमोर तळं! बादल्या मीच ओतल्या होत्या. बाई तळ्याकडे बघत म्हणाल्या, "इथेच पडला वाटतं." मी म्हटलं, "व्हय बाई, एक सर येऊन गेली."

मैना दहावीला पास झाली. आज ती नर्स आहे, ती बघा, तिसऱ्या रांगेत डोळे पुसतेय. तिच्यानंतर तरी मी बांध सोडायचा ना? पण तोवर दुसऱ्यांच्या पोरी पाचवीत आल्या होत्या.

गेल्या रविवारी बाईंची पुस्तकांची पेटी पोचवायला मी पेणला गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घरी. महादेवरावांनी दार उघडलं, मला मागच्या गच्चीवर बसवलं, आणि मी बघतो तर काय! तीस-बत्तीस कुंड्या, आणि सगळीकडे तांबडी लिली फुललेली. कोपऱ्यात एक रिकामी कुंडी होती. तिच्या तळाला कौलाची खापरी, त्यावर चुन्याची खूण. शाळेच्या कौलांवर ती खूण मीच करतो.

महादेवराव सरबत देत म्हणाले, "हिची अट ठाऊक आहे ना तुम्हाला? दरवर्षी इथलं एक पिल्लू शाळेत नेऊन लावते. एक तर पिल्लू फुलायला तीन वर्षं घेतं, त्यात तुमच्याकडे म्हणे पाणी फार साचतं!"

मी बाईंकडे बघितलं. बाई लिलीकडे बघत होत्या.

शेरास सव्वाशेर म्हणतात ते हे. पाणी कसं काढायचं ते मला शिकवणाऱ्या बाई, त्यांना ताज्या चिखलाचा बांध दिसत नव्हता? पायाच्या अंगठ्याने फुटला असता. अठरा वर्षं त्या मला बुडवायला पिल्लू आणून देत होत्या, मंडळी! महादेवराव, असे बघू नका. तुमची माया कमी पडली असं नाय. पण आमची पोरं टाकून तुमच्या बहिणीचा पाय निघत नव्हता, आणि तुम्हाला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं.

निघताना मी दारात विचारलं, "बाई, तुम्हाला बांध ठाऊक होता?"

"कुठला बांध?" बाई म्हणाल्या. "पाऊस फार होता ना रे?"

तेव्हा मी त्यांच्याकडे एक गड्डा मागितला. पिल्लू नको म्हटलं, आईच्या पाचांतला मोठा द्या, फुलणारा. त्यांनी कुंडी उपडी केली. आज सकाळी मी ऑफिससमोरचा तो बांध फोडला. वाफा हातभर उंच केला, तळाला खापऱ्या, वर नदीची वाळू आणि माती. यंदा पाणी थांबायचं नाय. पुढच्या एप्रिलात फूल येईल.

बाई, तुम्ही जायला आम्हाला नको होतं. अजूनही नकोच आहे. पण वयाला कुठे बांध घालू? तो मला येत नाय.

अध्यक्षसाहेबांनी शिपायाला माइक दिला, मुख्याध्यापकांनी मला थांबवलं नाही, गावाने इतकी वर्षं ऑफिससमोरचं तळं बघूनही गुपित पोटात ठेवलं, सगळ्यांचा मी ऋणी आहे. मोठ्यांसमोर माझ्या तोंडून उणंअधिक गेलं असेल तर ते पदरात घ्या. आवाज खरखरला असेल तर वायरही मीच जोडलीय, तिचीही माफी असावी.

चहा आता गरम करायला ठेवतो. आणि बाई, फूल आलं की कळवीन, बघायला या. आता अर्ज द्यायचा नाय कुणाला.