चिठ्ठ्यांचा डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आमचे प्राचार्य, विद्यापीठातून वेळात वेळ काढून आलेल्या कुलगुरू महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजी-माजी छात्राध्यापक, सराव शाळेतून मुद्दाम आलेले शिक्षक, आणि पहिल्या रांगेत बसून सारखं घड्याळ बघणारे आमचे यजमान, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आत्ताच माझ्या तरुण सहकारी बाईंनी मानपत्र वाचलं. काय गोड आवाज! ऐकताना मलाच वाटलं, कोण बाई ही, जरा भेटायला हवं हिला. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी खुर्चीत चुळबुळले, ते मागच्या रांगेलासुद्धा दिसलं असेल. ‘दोनशे बारा पाठांच्या निरीक्षणावर आधारलेल्या त्यांच्या संशोधनाने महाविद्यालयाचे नाव उंचावले.’ मंडळी, हे वाक्य खोटं आहे. म्हणजे पाठ दोनशे बाराच होते, त्यात काही खोट नाही. संशोधनच खोटं होतं. आणि ते मी केलं होतं.

घाबरू नका, पाहुण्यांची गाडी चुकणार नाही. थोडक्यात सांगते. यजमान हसताहेत. त्यांना माझं थोडक्यात माहीत आहे.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे शिक्षक व्हायला आलेली मुलंमुली सराव शाळेत जाऊन पाठ घेतात आणि आम्ही मागच्या बाकावर नोंदवही घेऊन बसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मी एक पद्धत काढली होती. आधी प्रश्न, मग फळा. दोनशे बारा पाठ पाहिले. वर्गच्या वर्ग हात वर करायचा! उत्तरं कशी टपाटप. मी टक्केवारी काढली, निबंध छापून आला, विद्यापीठाने पारितोषिक दिलं. यजमानांनी माझ्या नणंदेपासून ते तिच्या चुलतसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना फोन केले.

पारितोषिकानंतर दोनच आठवड्यांनी मी असाच एक पाठ पाहायला गेले. विषय होता पाण्याची वाफ. तिसऱ्या बाकावरची एक चिमुरडी सारखी मागे वळून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या चष्म्याचं कौतुक असेल. मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली आणि अगदी कळवळून म्हणाली, “बाई, तुम्ही उशिरा आलात. हा पाठ आमचा परवाच झाला. आज नुसते हात वर करायचे होते.”

मी म्हटलं, “आणि उत्तर येत नसेल तर?”

“तरी वर करायचा. ज्याला येतं त्याने वही उपडी ठेवायची. सर त्यालाच विचारतात.”

मी नोंदवही मिटली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. कारण खरं सांगू? मी स्वतः शिकत होते, तेव्हा मीही हेच केलं होतं. पाठ दोन दिवस आधी घेऊन ठेवायचा. आमच्या वेळी उपडी वही नव्हती, उघडा कंपास होता. वर्षानुवर्षं सगळे करत आले, आणि करून सवरून मागच्या बाकावर बसणारी मी मुलांच्या पाठमोऱ्या डोक्यांवरून टक्केवारी काढत होते! संशोधन म्हणे!

दुसऱ्या दिवशी मी आमच्या चाळीस छात्राध्यापकांपुढे उभी राहिले. आधी माझ्या कंपासपेटीचं सांगितलं. मग विचारलं, “तुमच्यापैकी कोणी कोणी पाठ आधी घेऊन ठेवला?” मधल्या रांगेतून एक हात वर आला. वाफेचा पाठ त्याचाच होता. त्या अख्ख्या वर्षात मी पाहिलेला तो पहिला खरा हात. त्याच्यामागून एकेक करत चाळीसच्या चाळीस आले.

तेव्हाचे प्राचार्य मला म्हणाले, “बाई, जगात एकट्या तुम्हालाच खरं बोलायचं कसं सुचलं? जाऊ द्या ना.” मी जाऊ दिलं नाही. निबंध मागे घेतला, पारितोषिक परत केलं. बढती सहा वर्षं अडकली, त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, खूप वाटलं, रडलेसुद्धा. यजमान एवढंच म्हणाले, “आता त्या सगळ्यांना परत फोनही मीच करायचा का?” आणि त्यांनी केले हो. एकेकाला.

त्यानंतर आला हा डबा. आणलाय मी, हा बघा. बिस्किटांचा आहे, कोपऱ्यात गंजलाय. यात पाठांच्या विषयांच्या चिठ्ठ्या. सकाळी शाळेच्या दारात चिठ्ठी काढायची, तासाभरात तयारी करायची आणि उभं राहायचं. आणि निरीक्षकाने मागचा बाक सोडून फळ्याशेजारी खुर्चीत बसायचं, मुलांकडे तोंड करून. शिकवणाऱ्याकडे बघायचंच नाही, शिकणाऱ्यांकडे बघायचं.

पहिलं वर्ष म्हणजे नुसता गोंधळ. गुण धडाधड घसरले. एक विद्यार्थिनी पाठ अर्धा टाकून स्वच्छतागृहात जाऊन बसली. पण हळूहळू आमची मुलं एक वाक्य शिकली, जे मला शिकायला पंचवीस वर्षं लागली होती. ‘मला माहीत नाही, उद्या शोधून सांगते.’

त्या वाक्यावरून भांडायला एक आई आली. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारी, हात साबणाने सोललेले. “मास्तरणीलाच माहीत नाही म्हणजे काय? मग आमचं पोर पाठवायचं कशाला?” दुसऱ्या दिवशी आमची विद्यार्थिनी खरंच उत्तर शोधून आणते का, ते बघायला ती दारात उभी राहिली. विद्यार्थिनीने आणलं होतं. बाई तासभर हलली नाही. जाताना मला म्हणाली, “हिला येत नसताना ही शिकवायला उभी राहते. मग मला येत नसताना मी शिकायला बसले तर काय बिघडलं?” मानपत्रात ‘मातांसाठी साक्षरता वर्ग, एक अभिनव उपक्रम’ असं जे भारदस्त लिहिलंय ना, ते हे. उपक्रम आम्ही नाही काढला, तिने काढला. आम्ही फक्त खडू दिले.

आता मुद्द्याचं बोलते. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येणार. आपले सरावपाठाचे गुण शेजारच्या महाविद्यालयापेक्षा कमी दिसतात. म्हणून सोमवारच्या बैठकीत ठराव यायचाय, की पाठाचा विषय आठवडाभर आधी कळवावा आणि निरीक्षकाची खुर्ची पूर्ववत मागे न्यावी. म्हणजे हा डबा बंद. मी आज निवृत्त होतेय, सोमवारी मी नसेन, मला मत नाही. ठराव कोणी मांडलाय तेही मला ठाऊक आहे. ते आज माझ्या उजव्या हाताला अध्यक्षपदी बसलेत.

नाही नाही, सर, मान खाली घालू नका. तुमची अडचण मला समजते. तुमच्यावर सगळ्या संस्थेचा भार आहे. पण अठरा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, ते आज तुमच्या परवानगीशिवाय सांगते. तो मधल्या रांगेतला हात यांचा होता. या महाविद्यालयाने गेल्या तीस वर्षांत काही कमावलं असेल, तर तो हात. आणि तोच हात आता उपड्या वहीच्या बाजूने वर होणार असेल, तर माझ्या या मानपत्राचं मी काय करू? भिंतीवर लावू?

तेव्हा माझं मागणं एकच. हे मानपत्र मी आज घेत नाही. ते दोनशे बारा पाठांचं वाक्य खोडा आणि सोमवारचं कामकाज उरकून घरी पाठवा. डबा राहिला तर चहा पाजीन. नाही राहिला तर मानपत्र परत येईल. परत करण्याचा मला अनुभव आहे.

बोलण्याच्या भरात जिभेला लगाम राहिला नाही. मोठ्यांनी लेकीचं समजून आणि लहानांनी बाईंचं समजून पोटात घालावं. ज्यांनी हा समारंभ घडवला, खुर्च्या मांडल्या, हार आणले, त्या सर्वांची मी ऋणी आहे.

आता अध्यक्षीय भाषण. सर, कोटाच्या खिशात लिहिलेलं आहे, दिसतंय मला. ते राहू द्या तिथेच. हा डबा घ्या. झाकण घट्ट आहे, जरा जोर लावा... हं. काय आलं? ... वाचा ना मोठ्याने. ... छान. घ्या हाच पाठ, फळा मोकळा आहे. मी इथे पुढे बसते, सभागृहाकडे तोंड करून.