इतर हक्कातलं नाव

माझं म्हायेर वेल्ह्याच्या डोंगरात, आन दिली मला हितं उत्रोलीला, भाताच्या घरात. पोरी, तू कालेजात जातीस, तुला सातबारा वाचता येतो, मला तो आत्ता आत्ता कळायला लागला. त्यात मालकाचा रकाना असतो, तिथं माझ्या धाकट्या भावाचं, सदूचं नाव. आन एक इतर हक्काचा रकाना असतो, तिथं आमच्यात लेकींची नावं टाकत्यात, म्हंजी धड घरची बी न्हाई आन परकी बी न्हाई. वडील गेले तवा माझं नाव तिथं लागलं. मग सदूनं मला वेल्ह्याला नेलं, हक्कसोडाच्या कागदावर सही घेतली, ष्टॅण्डासमोर भजी खाऊ घातली आन हिरवी साडी नेसवली. बहिणीनं भावाला जमीन सोडून द्यायची, ही रीतच. साडी चांगली व्हती, खोटं कशाला बोलू. दोन पावसाळ्यात विरली.

त्या जमिनीत बांधाला रायवळ आंबा हाय. आमी ल्हान व्हतो तवा त्याच्यावर गिधाडं बसायची, आई म्हणायची तिकडं बघू नका, अपशकुनी पाखरू. मधी कैक वर्सं एक बी दिसलं न्हाई. आन आता जोडपं आलं, घरटं केलं, तर काय सांगू तुला, पुण्याची माणसं गळ्यात दुर्बीण अडकवून यायला लागली. गवतात पोटावर झोपून बघत्यात. मी म्हायेरी गेले व्हते तवा एक बाई तर म्हणली, किती सुंदर. मी म्हणलं, बाई, मान बघा तिची, पिसं बी न्हाईत. मी त्याच घरात जन्मले, मला बघायला कोण आलं व्हतं?

आन हिकडं सदूचं घर गळतंय. त्याला ती जमीन इकून घर बांधायचंय, घेणारा बी मिळाला, पर त्याला आंब्याच्या जागीच बंगला पायजे, तिथनं धरणाचं पाणी दिसतं. तर जंगलखात्याचा गार्ड आला, म्हणला, पिल्लू उडंपर्यंत झाडाला हात लावायचा न्हाई. सदू म्हणला, जमीन माझी, झाड माझं, घर गळतंय ते बी माझंच, मग मला कुणी काय इचारलं का, आन एवढा पुळका हाय तर त्या गिधाडाच्या नावानंच सातबारा काढा. समदी हसली. मी न्हाई हसले. मला वाटलं, खरंच की, ह्या गिधाडाच्या मादीचं नाव लागलं इतर हक्कात, आन हिला कुणी वेल्ह्याला नेणार न्हाई सही करायला.

हसू नको, पाखराचाच हेवा वाटला मला. गार्ड सांगत व्हता, मादी दमली की नर अंड्यावर बसतो. माझी चार बाळंतपणं झाली, आमच्या ह्यांनी एकदा पोरगं मांडीवर घेतलं न्हाई.

मग सदू हितं आला, लई दिसांनी. म्हणला, अक्का, तो जुना कागद तलाठ्याकडं द्यायचा राह्यला, ट्रंकेत भिजून त्याचा लगदा झाला, सातबाऱ्यावर तुझं नाव तसंच हाय. परत एकदा सही दे, पिल्लू उडालं की तो घेणारा झाड पाडून घेईल. पिशवीत साडी व्हती, तसलीच हिरवी.

मनातनं मी सही करून बसले व्हते, बघ. त्या पाखराला म्हणलं, पडू दे झाड, तू बी हो म्हायेरात परकी. पर पेन हातात घेतला आन ती घरट्यात नुस्ती बसून हाय ते आठवलं, कुणाला काय मागत न्हाई, जागचं हलत बी न्हाई. म्या पेन ठेवला. म्हणलं, सदू, झाड आन त्याच्या बुडाची दोन गुंठं सोडून बाकीचं इक, मी आत्ता सही करते. तो म्हणला, त्याला तीच दोन गुंठं पायजेत. मंग ऱ्हाऊ दे म्हणलं. भावाच्या घराला आडवी आले मी, मला कळतं, पावसाची सर आली की त्याचं छप्पर डोळ्यापुढं येतं. साडी घेऊन गेला. भाऊबीजेला आला न्हाई.

परवा त्याचा फोन आला. अक्का, उडालं, म्हणला. येवढंच. सहीचं त्यानं काढलं न्हाई, म्या बी न्हाई. मंग म्हणला, धरणाकडं गेलं, लांबवर दिसत व्हतं, तू पायजे व्हतीस.

सदूचं घर उभं राहू दे, कसंबी राहू दे, त्याच्या पोराबाळांच्या डोक्यावर पाणी गळू नये. हेवा अजून जात न्हाई माझा. आमच्या दोघींची, माझं आन त्या गिधाडाच्या मादीचं, नावं एकाच रकान्यात, तिचं न लिहिता लागलं, माझं लिहिलेलं सदू पुसायला निघाला. तिला कुणी साडी दाखवली असती, तर तिनं मान वळवून बघितलं बी नसतं.