दुसऱ्या गुडघ्याला हात लाव

उधन्याच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या. वॉकर धरलेल्या म्हाताऱ्या धुरपदाबाई आणि त्यांच्याहून लहान अनुसया, गेल्या वर्षी गुडघा बदललेली.

"मावशी, तुमचा गुडघा कधी बदलला?"

"झाली तीन वर्षं. आता तो नाही. काढला."

"काढला? मग आत काय?"

"औषधाचं सिमेंट. जंतू मेले की नवा बसवतील."

"जंतू शिरले कुठून?"

"दाढ सडली होती, मी अंगावर काढली. तिथून रक्तातून गुडघ्यात उतरले, म्हणे."

"लई दुखत असेल."

"आधी दुखलं नाही गं. रात्री सगळं अंग गार पडायचं, तो एकटा गरम राहायचा."

"माझा बी गरम लागतो. उन्हातून आले ना."

"केव्हाची पंख्याखाली बसलीस. दुसऱ्या गुडघ्याला हात लाव."

"हा गार आहे."

"आता त्याला लाव."

"हा तापलाय, मावशी."

"पायाला कुठं लागलंय का तुझ्या?"

"अंगठ्याला ठेच लागली होती. चिघळलीय. हळद भरते रोज."

"ऊठ. नंबराची वाट बघू नको. आत जा."

"मावशी, मी उठतेय. पाय उठत नाही."

"बस, बस तशीच. सिस्टर! अहो सिस्टर, हिला आधी घ्या!"