पुढची चाकं तापली तेव्हा

चहा पाजा, पण माझ्यासमोर सासऱ्यांच्या हौसेचं कौतुक करू नका. डोकं अजून फिरतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मेव्हण्याचा साखरपुडा बारामतीला होता. चार दिवस आमच्याकडे वालचंदनगरला राहिलेल्या सासऱ्यांना घेऊन निघालो. वाटेत गाडी ओढेना, पुढच्या चाकांतून जळका वास. आणि शेजारून सासऱ्यांचं चालूच, "पाव्हणं, तुमास्नी गाडी ठिवता येत न्हाय. आमचा ट्रॅक्टर बगा!"

बारामतीत कसाबसा रफिकभाईंच्या गॅरेजात पोचलो. जॅक लावला, तर पुढची दोन्ही चाकं हातानं हलेनात. त्यांनी ब्रेकमधली हवा काढायचा नट सैल केला. तेल उडालं आणि चाक भिंगरीसारखं फिरलं.

"पेडल सोडलं तरी प्रेशर अडकतंय," म्हणत त्यांनी ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्यावरच ओरडले, "ह्यात ट्रॅक्टरचं तेल कुणी ओतलं? आतली रबरं फुगलीत! मरायचं हाय का?"

माझा पारा चढला. "कुठल्या गाढवानं ओतलं, सापडू दे मला!"

मागून आवाज आला, "मी ओतलं. आलो त्या दिवशी कमी दिसलं."

खुद्द सासरे! दात-ओठ खात रबरं आणि तेल बदलून घेतलं. तिकडं साखरपुडा खोळंबला, नवऱ्या मुलाचा बाप गॅरेजात! उशिराबद्दल सासूबाईंनी चारचौघांत झापलं, तेही मलाच.

परत निघताना सासरे हळूच म्हणाले, "पाव्हणं, त्या मिस्त्रीनं माझं चांगलं तेल फेकून दिलं. पण काळजी करू नका, डिकीत अजून निम्मा डबा हाय."